सातव्या पायरीवरचा तिसरा दगड

जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक वही आहे. वही माझी नाही. ती माझ्याकडे कशी आली हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालून लोक माझ्या सचोटीवर बोलत होते तेव्हा तर — छे. तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो आणि लोकांना तो माझा विनय वाटला. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

पण आधी मला थोडं चिडू द्या.

मागच्या दिवाळीत नातीला शाळेनं प्रकल्प दिला — आपल्या गावातली जुनी वास्तू. तिनं मोबाईल काढला, आमच्या मूळ गावाचं नाव टाकलं आणि दोन मिनिटांत गावच्या बारवेचा इतिहास माझ्यापुढं धरला. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. आमच्याकडं गावोगाव असतात. नात म्हणाली, "आजोबा, दहा ठिकाणी हेच लिहिलंय. म्हणजे खरंच असणार ना?"

दहा ठिकाणी! मी चष्मा लावून वाचत गेलो. सगळीकडं तेच. एकवीस पायऱ्यांची बारव. पूर्वेच्या कमानीवर शिलालेख. निजामाच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा गावच्या पाटलांनी पदरमोड करून ती बांधली आणि तहानलेल्या गावाला पाणी पाजलं. पहिल्यानं लिहिलं, दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं दुसऱ्याचा आधार दिला आणि चौथ्यानं तिसऱ्याचा. अरे, तुमच्यातला एक तरी माणूस त्या बारवेत उतरला होता का? हसनाबादहून अर्ध्या तासाच्या वाटेवर गाव आहे. पायऱ्या मोजायला काय लागतं? दोन पाय लागतात. पायऱ्या एकवीस नाहीत, चौतीस आहेत. पूर्वेला कमान आहे, पण तिच्यावर शिलालेख नाही. कधीच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा — नव्हे, आता तर साऱ्या जगाला वळसा.

मग तो शिलालेख आला कुठून? मला कसं माहीत की तो खोटा आहे?

इथंच माझी जीभ अडते. बावीस वर्षं अडलेली आहे.

तो शिलालेख मी लिहिला. दगडावर नाही — याच मस्तगडमधल्या एका इंटरनेट कॅफेत, संगणकावर, एका रविवारी. त्या दहा ठिकाणांच्या मुळाशी जे पहिलं पान आहे, ते माझं आहे. आणि ज्या पाटलांनी पाणी पाजलं म्हणून लिहिलंय, ते माझे आजोबा.

मी भोकरदन तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेजाचं नाव लिहीत नाही. दोन हजार सालानंतरची ती दोन-चार वर्षं तुम्हाला आठवत असतील, तर आठवेल की इंटरनेट हा शब्द तेव्हा कसा देवाच्या प्रसादासारखा वाटला जायचा. कॉलेजाची तपासणी करायला समिती आली. समितीनं विचारलं, तुमचे विद्यार्थी ऑनलाइन संदर्भ वापरतात का? आमच्या प्राचार्यांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला — हो, सगळेच वापरतात. वापरणार कुठून? सबंध कॉलेजात एक संगणक, तोही प्राचार्यांच्या खोलीत, आणि त्यांचा फोन सुरू झाला की इंटरनेट बंद.

पण शब्द गेला होता. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पात किमान पाच ऑनलाइन संदर्भ पाहिजेत. ते ग्रंथपालांनी केलेल्या यादीतलेच पाहिजेत. आणि प्रत्येक छापील पानावर ग्रंथपालांचा शिक्का पाहिजे. जालन्याहून शिक्का करून आला — "विश्वसनीय संदर्भ". खरेपणाचा रबरी शिक्का! जगात कुठं असा शिक्का असतो का हो? आज मला संताप येतो. त्या दिवशी काय वाटलं होतं सांगू? अभिमान वाटला होता. वीस वर्षं पुस्तकांवरची धूळ झटकणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. पोरं शिक्क्यासाठी माझ्या टेबलापुढं रांग लावणार होती.

तेव्हा आम्ही भोकरदनलाच राहायचो, म्हणून यादी करायला मी एसटीनं जालन्याला गेलो. वीस पत्ते हवे होते. खरं काम असं की प्रत्येक पान उघडायचं, कुणी लिहिलंय बघायचं, कशाच्या आधारावर लिहिलंय बघायचं, दुसरीकडं पडताळायचं. हे मी शिकलेलो होतो, त्याची परीक्षा देऊन पास झालेलो होतो. मी चार पानं उघडली. एकेक पान पडद्यावर उतरेपर्यंत कपभर चहा पिऊन व्हायचा. कंटाळलो. पुढचे पंधरा पत्ते कॅफेच्या मालकानं भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणावरून उतरवून घेतले. एकही उघडला नाही. विसावा काही सापडेना, तेव्हा मालकच म्हणाला की सर, तुमचंच एक पान करून टाका, फुकट होतंय, बिलकुल अवघड न्हाई.

आणि मी केलं. तालुक्याचा इतिहास म्हणून केलं. तासाभरात आजोबांना दानशूर केलं, पायऱ्या अंदाजानं लिहिल्या आणि आधार काय द्यावा हे कळेना तेव्हा कमानीवर एक शिलालेख बसवला. आधार पाहिजे एवढं मला ठाऊक होतं ना — ग्रंथपाल होतो!

तुम्ही म्हणाल, घरात ऐकलेलं लिहिलं असेल, चुकून झालं असेल. तसं नाही. घरात मी वेगळंच ऐकलं होतं. माझ्या वडिलांनी एकदा, एकदाच, मला सांगितलं होतं की तुझ्या आजोबांनी पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला, बाकी सगळे दिवस ते सावलीत बसून होते. बारव खोदली, दगड उतरवले, बसवले ते ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या माणसांनी. तीच वस्ती पुढं बौद्ध झाली. आणि पाणी लागल्यावर त्याच माणसांना बारवेत उतरायला बंदी झाली. त्यांच्या बायका वरच्या काठावर घागरी घेऊन उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. हे सांगताना वडिलांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. तर मला माहीत होतं. सगळं बराबर माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं.

आता सुजाता.

सुजाता त्याच वस्तीतली. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला होती. आमच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रापलीकडं वाचणारी जी चार डोकी होती, त्यांतलं एक. गावाहून पहिल्या बसनं यायची आणि तास सुरू व्हायच्या आधी खिडकीजवळच्या बाकावर वाचत बसायची. मी तिच्यासाठी जुनी पुस्तकं काढून ठेवायचो. तिला औरंगाबादला एम.ए.ला जायचं होतं. थोरला भाऊ म्हणाला होता, पहिल्या वर्गात आलीस तर पाठवतो, नाहीतर घरी बस. पहिला वर्ग अगदी हाताशी होता. शंभर गुणांचा प्रकल्प तेवढा बाकी होता.

बाकीच्या पोरांनी काय केलं ते तर मीच बघत होतो. मस्तगडच्या कॅफेत जायचं, यादीतला पत्ता सांगायचा, छापलेली पानं घ्यायची, वर नाव लिहायचं आणि माझ्याकडं रांगेत उभं राहायचं. मी शिक्के मारत होतो. न वाचता मारत होतो. माझीच वाक्यं किती जणांच्या प्रकल्पांत माझ्या हाताखालून गेली याचा हिशेब नाही.

सुजातानं गावची बारव घेतली. ती बारवेत उतरली. तिथं तिला जे दिसलं ते पाटलाच्या घरात जन्मून मला कधी दिसलं नव्हतं. दगडांवर खुणा होत्या. ज्यानं जो दगड बसवला, त्यानं त्याच्या कोपऱ्यात छिन्नीनं आपली खूण केली होती — कुणाचा विळा, कुणाचे तीन ठिपके, कुणाची पाखराच्या पायासारखी रेघ. लिहिता येत नव्हतं, तर खूण हेच नाव. वस्तीतल्या चार म्हाताऱ्या माणसांना कुठली खूण कुणाची हे अजून तोंडपाठ होतं. सुजातानं दगडावर कागद धरून वरून पेन्सिल घासली, तशा त्या खुणा कागदावर पांढऱ्या उमटल्या. सत्तावीस खुणा. त्या वहीत चिकटवल्या, आणि शेवटी संदर्भसूची दिली. तशी संदर्भसूची मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही. उत्तरेची भिंत, सातवी पायरी, डावीकडून तिसरा दगड, विळ्याची खूण. खूण कुणाची, सांगणारा कोण, त्याचं वय काय, कुठल्या दिवशी सांगितलं. अशा सत्तावीस नोंदी.

नियम होता म्हणून तिनं यादीतलं एक पानही जोडलं होतं. माझं. माझ्याच शिक्क्यासकट. आणि त्याखाली निळ्या शाईनं लिहिलं होतं — पायऱ्यांची संख्या जागेवर जुळत नाही, कमानीवर शिलालेख आढळला नाही, मजकूर कशावरून लिहिला ते दिलेले नाही, म्हणून हा संदर्भ विश्वसनीय धरलेला नाही.

तुम्हाला कळतंय का तिनं काय केलं होतं? जे काम करण्याचा मी पगार घेत होतो, ते काम तिनं केलं होतं. वाचून मी वही पटकन मिटली. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना?

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. गृहस्थ घाईत होते, दुपारची बस गाठायची होती. त्यांनी सुजाताची वही उघडली, पेन्सिलीनं घासलेले कागद बघितले आणि विचारलं, हे काय? ऑनलाइन संदर्भ एकच, आणि तोही खोटा म्हणता? तिनं शांतपणे सांगितलं की मी जागेवर जाऊन पाहिलंय, तुम्हीही चला, बस आहे. परीक्षक हसले. मग त्यांनी ग्रंथालयातून मला बोलावून घेतलं. पान माझ्यापुढं धरलं. म्हणाले, "ग्रंथपाल, हा संदर्भ तुमच्या यादीतला आहे. खात्रीचा आहे ना?"

सुजाता माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिला वाटलं, सर आले, आता सर सांगतील.

मी म्हणालो, "हो सर. तपासलेला आहे."

चारच शब्द लागले. परीक्षकांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं "संदर्भ अविश्वसनीय" असं लिहिलं आणि तिला नापास केलं. एका मुलीनं दगडाला हात लावून जे खरं केलं, ते अविश्वसनीय. आणि मी खुर्चीत बसून जे रचलं, ते विश्वसनीय. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा? परीक्षकावर? प्राचार्यांवर? त्या नोटिशीवर? मी वर्षानुवर्षं काढून बघितला. ते सगळे रागावण्याच्याच लायकीचे आहेत. पण त्या खोलीत खरं ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्यांतल्या एकीनं खरं सांगितलं होतं.

इथं थांबता आलं असतं तरी मी याला भित्रेपणा म्हटलं असतं. पुढचं भित्रेपणात बसत नाही.

सुजाता प्राचार्यांना भेटली. प्राचार्य म्हणाले, मूळ वही घेऊन ये, मी फेरतपासणीला पाठवतो, पंधरा दिवस आहेत. वही नियमाप्रमाणं ग्रंथालयात जमा झाली होती. ती माझ्याकडं वही मागायला आली. वही माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात होती. मी स्वतः ठेवली होती. दुसरा कुणी तपासायला गेला, जागेवर गेला, तर पान खोटं निघणार होतं, आणि मग ते कुणाचं हेही. मी म्हणालो, सापडत नाही.

ती तीनदा आली. गावाहून भोकरदनला, बस बदलत, उन्हातान्हात. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "सर, मी शोधू लागते तुम्हाला. तुम्ही एकटे किती पाहताल?" आणि तिनं माझ्याबरोबर सबंध दुपार रॅक शोधले. मीही शोधत होतो. खाली वाकून, धूळ झटकून, जिथं नाही तिथं. माझ्या कंबरेला कपाटाची किल्ली होती. कल्पना करा — नको, नका करू.

पंधरा दिवस संपले. पहिला वर्ग गेला, वर्ष गेलं. औरंगाबादचं काय झालं, पुढं ती कधी गेली का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.

आज बारवेत त्या खुणा नाहीत. गावानं मध्यंतरी बारवेची दुरुस्ती केली. आतून सिमेंटचा गिलावा दिला, काठावर फरशीचा फलक बसवला. फलकावरची वाक्यं इंटरनेटवरून घेतली. माझीच आहेत. आजोबांचं नाव सोनेरी अक्षरात आहे. आणि कमानीवर शिलालेख नाही म्हणून, मूळ शिलालेख काळाच्या ओघात नष्ट झाला असंही कुणीतरी वर घातलंय. तेवढं वाक्य माझं नाही. वस्तीतली ती चार म्हातारी माणसंही आता राहिली नाहीत. सत्तावीस माणसांच्या खुणा आता फक्त एका ठिकाणी आहेत — माझ्या पलंगाखाली.

आणि दिवाळीत नातीनं विचारलं, म्हणजे खरंच असणार ना? मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हो, असणार. पोरीनं उतरवून घेतलं. अकरावं ठिकाण झालं.

आता शेवटचं, जे सांगताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुढच्या वर्षी सुजाता प्रकल्पाला पुन्हा बसली. नापास झालेल्याला बसावंच लागतं. एका सकाळी ती माझ्या टेबलापुढं रांगेत उभी होती. खिडकीजवळच्या बाकावर ती वर्षभर बसली नव्हती. तिचा नंबर आला. तिनं पाच छापील पानं पुढं ठेवली. सगळ्यात वरचं माझं होतं.

"सर, ह्या टायमाला समदं तुमच्या यादीतलंच घेतलंय," ती म्हणाली.

मी मान हलवली. मग तिनं पानाच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात, पान तयार करणाऱ्याचा ई-मेल होता. माझ्या नावाचा. तो तिथं आपोआप छापला जातो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी माझं पान एकदाही तळापर्यंत बघितलं नव्हतं.

"मागल्या सालीच पाह्यल्तं मी हे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मागच्या मुलाला ऐकू जाऊ नये इतकं हळू बोलली, म्हणजे त्या क्षणीही तिनं माझी लाज राखली. "परीक्षकाला सांगितलं न्हाई. म्हनलं, सर सोताहून सांगतील."

किल्ली कंबरेला होती. कपाट पाठीशी होतं. उठून दोन पावलं जायचं होतं.

ती थांबली. बराच वेळ थांबली. मागून कुणीतरी जल्दी करा म्हणालं. तेव्हा ती म्हणाली, "मंग मारा शिक्का."

मी मारला. पाची पानांवर मारला. शाईची गादी वाळली होती, पहिल्या पानावर नीट उमटला नाही, म्हणून त्याच्यावर पुन्हा एकदा मारला.